बेबीआक्काची पहिली रजा

बेबी हे तिचं लाडाचं नाव नाही, शाळेच्या दाखल्यावरचं आहे. पाळण्यात काय नाव ठेवायचं यावरून आत्या आणि मावशी यांच्यात जे वाजलं ते सहा वर्षं मिटलं नाही. तोवर शाळेत घालायची वेळ आली आणि मास्तरांनी घरचे जी हाक मारत होते तीच लिहून टाकली. आता ती चौपन्न वर्षांची आहे, केस मागून पांढरे झालेत, गुडघा कुरकुरतो, पण आधार कार्डावर बेबी ती बेबीच. बेळगावच्या खासबागेतल्या लोकांना चौपन्न वर्षांच्या बाईला नुसतं बेबी म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी पुढे आक्का जोडून स्वतःची सोय करून घेतली.

बेबीआक्का पिग्मी गोळा करते. पिग्मी म्हणजे रोजची ठेव. टपरीवाला, मागवाला, भाजीवाली, न्हावी, ज्याला जेवढं झेपेल तेवढं, दहा रुपयांपासून पाचशेपर्यंत, रोज संध्याकाळी तिच्या हातावर ठेवतात. ती गळ्यातल्या छोट्या मशीनवर आकडा दाबते, चिठ्ठी फाडून देते आणि पैसे नेऊन सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत भरते. वर्ष भरलं की व्याजासकट परत. सोसायटीचं नाव इथं सांगायला नको, मॅनेजर हळव्या मनाचे आहेत.

बावीस वर्षं ती दुपारी चारला घरातून निघते. आधी कोपऱ्यावरची परशरामची चहाची टपरी, मग आण्णाप्पाची चार यंत्रमागांची शेड, मग पुढे सगळी गल्ली. तिच्यावर लोक घड्याळ लावत नाहीत, कारण घड्याळ पुढेमागे होऊ शकतं. दिवाळीला ती येते, शिमग्याला रंग चुकवत येते. एकदा एका घरात सकाळी मयत झालं होतं, तर संध्याकाळी दारात येऊन ती न बोलता उभी राहिली. घरच्यांनी रडत रडत पन्नास रुपये दिले, तिनंही डोळे पुसत चिठ्ठी फाडली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

चालून चालून तिला एक विद्या आलेली आहे. परशरामनं पन्नासाऐवजी वीस पुढे केले की ती ओळखते, चहा खपत नाही. चहा खपत नाही म्हणजे मागावरची माणसं बाहेर येत नाहीत, म्हणजे माग बंद, म्हणजे सूत महागलं असणार. वर्तमानपत्रात ही बातमी पंधरा दिवसांनी येते. तिची मुलगी भैरवी बंगळूरला एका मोठ्या वित्त कंपनीत आहे. तिनं एकदा फोनवर समजावलं होतं, "आई, फायनान्शियल सेक्टर वेगळा आणि रिअल इकॉनॉमी वेगळी. पण दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो."

"व्हय की," बेबीआक्का म्हणाली. "सोसायटी आणि आण्णाप्पाचा माग. मधी मी चालतो." (बेळगावकडच्या बायका चालतो, बोलतोच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) "एवढं सांगायला तुला पगार किती देतात गं?"

भैरवीनं पगार सांगितला. बेबीआक्कानं तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

तर अशा या बाईनं बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन दिवसांची रजा मागितली. लोंढ्याला तिची थोरली बहीण मनुबाई असते. मनुबाईच्या मुलीला लग्नानंतर सतरा वर्षांनी मुलगा झाला होता. बारशाला गेलं नाही तर मनुबाईनं पुढच्या जन्मीसुद्धा तोंड बघितलं नसतं. शुक्रवार आणि शनिवार, रविवार तर सुट्टीचाच. बेबीआक्का अर्ज घेऊन मॅनेजर श्रीपादरावांच्या केबिनमध्ये गेली.

श्रीपादराव हे सज्जन गृहस्थ. अकरा वर्षं त्या खुर्चीत बसून खुर्चीचा आणि त्यांचा आकार एक झाला होता. ते म्हणाले, "आक्का, निर्धास्त जा. दोन दिवस तुमच्या भागात मी स्वतः फिरतो. तेवढाच लोकसंपर्क होईल."

लोकसंपर्क झाला. तो कसा झाला हे बेबीआक्काला नंतर दहा तोंडांतून कळलं आणि दहाही जण एकच गोष्ट सांगत होते, म्हणजे ती खरी असणार.

शुक्रवारी साडेचारला श्रीपादराव इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात मशीन अडकवून परशरामच्या टपरीपुढे उभे राहिले. घामाघूम झालेले. परशरामनं त्यांना आजवर काचेच्या पलीकडेच पाहिलं होतं, पाय असलेले पहिल्यांदाच पाहत होता.

"पिग्मी," श्रीपादराव गोड हसून म्हणाले.

"आक्का कुठं हाय?"

"त्या गेल्यात गावाला."

"कवा येणार?"

"बघू," श्रीपादराव म्हणाले. त्यांना सोमवार आठवत होता, पण नक्की नसलेलं बोलायचं नाही हा त्यांचा बाणा. मग त्यांना कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं की ग्राहकाला प्रोत्साहन द्यावं. ते वाकून म्हणाले, "आज थोडं जास्त भरलंत तरी चालेल हं." परशरामनं पन्नास दिले. मशीनमधून चिठ्ठी निघेना. श्रीपादरावांनी मशीन हलवलं, थोपटलं, उलटं केलं आणि शेवटी आकडा एका कागदाच्या कपट्यावर लिहून घेतला.

आता परशरामच्या जागी कुणीही असतं तरी त्यानं जी बेरीज केली असती तीच त्यानं केली. बावीस वर्षांत न चुकलेली बाई गायब आहे. कधी येणार ते मॅनेजरला माहीत नाही. मॅनेजर स्वतः भर उन्हात पैसे गोळा करत फिरतोय, जास्त मागतोय आणि चिठ्ठी देत नाही. संध्याकाळपर्यंत ही बेरीज गल्लीच्या त्या टोकाला पोचली होती आणि वाटेत तिच्यात बऱ्याच गोष्टींची भर पडली होती.

लोक हात आखडता घेतायत हे श्रीपादरावांच्या लक्षात आलं. म्हणून शनिवारी ते आणखी गोड होऊन आले आणि दारोदार हात जोडून सांगत सुटले, "आपली सोसायटी भक्कम आहे. कुणीही काळजी करू नका." तोवर निम्म्या लोकांनी काळजी केली नव्हती. त्यांनीही मग लगेच सुरुवात केली.

सोमवारी सकाळी बेबीआक्का लोंढ्याहून उतरली आणि बारशाच्या पेढ्यांची पिशवी घेऊन तडक सोसायटीकडे आली. लांबूनच तिला गर्दी दिसली. जवळ आल्यावर ती रांग आहे हे कळलं, आणि रांगेतला प्रत्येक माणूस आपला गिऱ्हाईक आहे हेही. अर्धी माणसं मराठीत घाबरली होती, अर्धी कन्नडमध्ये. सगळ्यात पुढे परशराम, टपरीवरचं स्टूल घेऊन बसलेला.

"काय रं, टपरी सोडून हितं काय कराय लागलायस?"

परशराम ताडकन उभा राहिला. "आक्का! तू हाईस व्हय?"

"मग कुठं जाऊ?"

"न्हाई, लोकं म्हणत हुती, तू पैसं घिऊन..."

"काय घिऊन?"

"मी न्हाई, लोकं म्हणत हुती."

बेबीआक्कानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात लोंढा, मनुबाई, सतरा वर्षं आणि नातू ही हकीकत सांगितली आणि पुरावा म्हणून पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले. नातवाचं वजन विचारलं. कुणीही रांग सोडली नाही.

"अरं, आता कळलं न्हवं? मग जा की घरला."

"तू खोटं बोलणार न्हाईस आक्का, ते खरं," परशराम बोटाला लागलेला पेढा चाटत म्हणाला. "पर मी गेलो तर मागचा पुढं येणार. त्यो काढणार आणि मी ऱ्हाणार. त्यापरीस माझं मी काढतो." मागच्यालाही हेच म्हणायचं होतं. सगळ्या रांगेचं एकमेकांविषयी हेच मत होतं. परशरामनं वर्षाची पिग्मी मोडली, व्याजावर पाणी सोडलं आणि बारा हजार रुपये कमरेला बांधून जिंकल्यासारखा निघून गेला.

बेबीआक्का केबिनमध्ये गेली. श्रीपादरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"साहेब, खरं सांगा. पैसे हायत न्हवं?"

"आहेत हो! पै न् पै आहे."

"कुठं हायत?"

"आण्णाप्पाच्या मागात आहेत, नागोजींच्या सुताच्या दुकानात आहेत, कुणाच्या रिक्षात आहेत. तिजोरीत लोणचं घालायला ठेवतो का आपण? लोकांकडून घ्यायचे आणि लोकांना द्यायचे, हाच तर धंदा. सगळ्यांनी एकाच आठवड्यात परत मागितले तर मी काय आण्णाप्पाचा माग उचलून काउंटरवर ठेवू?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "मोठ्या बँकेकडून थोडी रोकड आणलीय. पण आजपासून नवीन कर्ज बंद. आण्णाप्पाचे दीड लाख शुक्रवारी मंजूर झाले होते, तेही थांबवलेत."

रांगेतल्या लोकांना दिलासा वाटावा म्हणून श्रीपादराव स्वतः काउंटरवर बसत. प्रत्येकाचे पैसे तीन तीनदा मोजत आणि पन्नासाच्या नोटांत देत, म्हणजे दिवसभरात जितके कमी लोक उरकतील तितकं बरं. या मंदपणामुळे सोसायटी बुडतेय अशी उरल्यासुरल्या लोकांचीही खात्री पटली.

आण्णाप्पाचे दीड लाख थांबले ही गोष्ट केबिनमध्ये दोन वाक्यांत संपली होती. गल्लीत ती संपली नाही. ते पैसे सुतासाठी होते. निपाणीच्या एका व्यापाऱ्यानं लग्नसराईसाठी दोनशे साड्यांची ऑर्डर दिली होती आणि मागावरचं जुनं सूत सोमवारीच संपत आलं होतं. आण्णाप्पा नागोजीच्या दुकानात गेला. नागोजी एरवी महिनाभराच्या उधारीवर सूत द्यायचा, पण सोसायटीच्या दारातली रांग त्यानंही पाहिली होती. "ह्या आठवड्यात रोख," तो म्हणाला. "उधार न्हाई. माझ्या बापाला बी न्हाई." मंगळवारी आण्णाप्पाचे चारही माग बंद पडले. गल्लीतल्या आणखी चार-पाच शेडचंही तेच झालं.

आण्णाप्पाकडे शालूबाई कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. माग चालला तर कांडी, कांडी भरली तर अडीचशे रुपये रोज. आण्णाप्पानं तिला सांगितलं, सूत आलं की ये. शालूबाई बेबीआक्काची सगळ्यात लहान गिऱ्हाईक होती, रोजचे दहा रुपये, आणि सगळ्या गल्लीत सोसायटीच्या रांगेत न उभी राहिलेली ती एकटीच. कारण रांगेत उभं राहायचं तर रोज बुडतो.

माग बंद, म्हणून चहाला कुणी येईना. कमरेला पैसे बांधून आलेला परशराम आता टपरीत बिस्किटाच्या डब्यात बारा हजार ठेवून त्या डब्यावर बसून होता. लघवीला जायची चोरी. बुधवारी त्याचं तीन लिटर दूध नासलं.

"सोसायटी बुडाली तरी माझं वाचलं," तो बेबीआक्काला म्हणाला.

"व्हय, आणि चा कोण पिणार? डबा?"

परशराम डब्यावर नीट सरकून बसला. त्यानं त्या दिवशी पिग्मी दिली नाही. कुणीच दिली नाही. एरवी चौदा-पंधरा हजार जमणाऱ्या मशीनवर मंगळवारी तीनशे चाळीस जमले होते, बुधवारी शंभरही नाहीत. तरी ती शेवटच्या घरापर्यंत चालत गेली. शालूबाई दारातच बसली होती. तिनं हात हलवला. "आज न्हाई आक्का. रोजच न्हाई तर दहा कुठनं काढू?"

बेबीआक्काला ते लागलं. रांगेतल्या लोकांचा तिला राग आला होता, पण शालूबाईपुढे तिला स्वतःचीच लाज वाटली. मी बारशाला गेलतो आणि हिचा रोज बुडाला, हे कुणाला पटवून सांगता आलं नसतं, पण होतं ते तसंच.

आणि आता तिची स्वतःची भीतीही सुरू झाली होती. बावीस वर्षांच्या कमिशनमधून तिनं एक लाख साठ हजाराची मुदत ठेव केली होती. दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा, पावसाळ्यात पातेली मांडणं बंद करायचं, एवढ्यासाठी. ती याच सोसायटीत. दुसरे पैसे तिच्याकडे नव्हते. बुधवारी भैरवीचा फोन आला.

"आई, आधी आपले काढून घे."

"अगं, मीच काढलं तर उरलेली गल्ली तुटून पडंल. तूच म्हणत हुतीस न्हवं, दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो म्हणून?"

"होऊ दे परिणाम. तू पैसे काढ."

एवढा पगार घेणाऱ्या मुलीचं हे मत ऐकून बेबीआक्काचं उरलंसुरलं अवसान गळालं. गुरुवारी सकाळी तिनं पावती पिशवीत घातली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मागच्या दारानं ये असं कुणी म्हटलं असतं तरी ती गेली नसती. सगळे उभे आहेत तिथंच उभं राहायचं, एवढी तिची नियत साफ होती. रांगेनं वळून पाहिलं. मग पुढच्यानं बाजूला होऊन तिला वाट दिली, त्याच्या पुढच्यानंही दिली. मयताला आलेल्या जवळच्या माणसाला देतात तशी.

श्रीपादरावांनी पावती पाहिली आणि चष्मा काढला. "आक्का, तुम्ही नका काढू. तुम्ही काढलेत तर उद्या शटर उघडायला मला तोंड उरणार नाही."

"मला भ्या वाटाय लागलंय, साहेब," ती म्हणाली. "मी गरीब बाई हाय. माझं दुसरं काय बी न्हाई."

श्रीपादरावांनी चष्मा परत लावला. त्यांनी तिजोरीतून पाचशेच्या नोटा काढल्या, पहिल्यांदाच फक्त एकदा मोजल्या, निळं रबर लावलं आणि दिल्या. तिजोरीत चाळीस हजार उरले. बाहेर रांगेत तीस माणसं होती.

पिशवी पदराखाली धरून ती घराकडे निघाली. बेत असा होता की पैसे तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायचे. पण अर्ध्या वाटेवर तिला कळलं की डब्याला कुलूप नाही, घराला आहे ते फुंकर मारली तरी उघडतं, आणि ती पिशवी घेऊन रांगेतून निघताना सगळ्या गल्लीनं पाहिलंय. सोसायटीतही भीती आणि घरातही भीती. शिवाय गल्ली इतकी शांत होती की तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. बावीस वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता, मागांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय. ती आण्णाप्पाच्या शेडपुढे थांबली.

आण्णाप्पा बंद मागाला तेल घालत बसला होता. मागाला तेलाची गरज नव्हती, त्यालाच काहीतरी करायला हवं होतं.

"निपाणीचा फोन आलता," तो मान वर न करता म्हणाला. "उद्यापतूर माग सुरू झालं न्हाईत तर ऑर्डर सुरतंला देतो म्हणाला. मग बसू वाजवत."

बेबीआक्कानं मागाकडे पाहिलं. लोखंडाचा, जमिनीत बोल्ट मारून बसवलेला, चौघांनाही हलणार नाही असा. हा रात्रीत पळून जाणार नाही आणि गेलाच तर आवाज होईल.

"आण्णाप्पा, दीड लाख मी दिले तर?"

त्याच्या हातातली तेलाची झारी खाली पडली.

"फुकट न्हाई. सोसायटी घेते तेवढंच व्याज. आणि लिहून दे. आणि माझं पैसं फिटत न्हाईत तवर ह्यो माग माझा."

हे सगळं ती औदार्यानं बोलली असं पुढे गल्लीनं ठरवलं, पण तसं काही नव्हतं. भेदरलेल्या माणसाला जी पहिली न हलणारी वस्तू दिसते तिला तो धरतो, तसं तिनं धरलं होतं. आण्णाप्पानं कॅलेंडरचं मागचं पान फाडून त्यावर लिहून दिलं, सही केली आणि पैसे घेऊन पळत नागोजीकडे गेला.

नागोजीनं नोटा मोजल्या, दोन उजेडाला धरून पाहिल्या आणि सुताचा टेम्पो काढला. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या तारखेकडे गेलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोसायटीच्या त्याच्या स्वतःच्या कर्जाचा हप्ता आज भरायचा होता. चारनंतर दोन टक्के दंड. सोसायटी उद्या राहील की नाही याची त्याला खात्री नव्हती, पण दंड राहील याची पुरेपूर होती. आण्णाप्पानं आणलेलेच पैसे त्यानं पिशवीत टाकले आणि धोतर सावरत पावणेचारला सोसायटीत शिरला.

नागोजी हा गल्लीतला सगळ्यात पैसेवाला आणि सगळ्यात चिक्कू माणूस. त्याला पाहून रांगेचे धाबे दणाणले.

"नागोजीशेट बी आलं. आता संपलंच," कुणीतरी म्हणालं.

नागोजीनं कुणाकडे न बघता पिशवी काउंटरवर उपडी केली. "भरायचेत. लौकर घ्या. चार वाजतील."

श्रीपादराव बघतच राहिले. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेलं निळं रबर त्यांच्यापुढे परत आलं होतं. ते इतक्या मोठ्यानं मोजू लागले की बाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं.

"नागोजी भरतोय," रांगेत पुढून मागे निरोप गेला. दंडाचं कुणाला माहीत नव्हतं आणि नागोजी सांगणाऱ्यातला नव्हता. जो माणूस देवळातसुद्धा सुटे परत मागतो तो दीड लाख भरतोय, म्हणजे त्याला आतली काहीतरी खबर असणार. बघता बघता लोकांना एकेक काम आठवू लागलं. एक जण म्हणाला, मी तर पासबुक भरून घ्यायला आलतो. दुसरा म्हणाला, मला वाटलं ही रांग रेशनची. पाचच्या आत दाराशी फक्त एक विसरलेली छत्री उरली.

शुक्रवारी दुपारनंतर आण्णाप्पाच्या शेडमधला पहिला माग उरलेल्या कांड्यांवर बोलू लागला. शनिवारी शालूबाई कामावर आली आणि चारही चालले. श्रीपादरावांनी थांबवलेली कर्जं मोकळी केली. आण्णाप्पानं आपल्या मंजूर दीड लाखातून बेबीआक्काचे पैसे फेडले, बेबीआक्कानं ते सोसायटीत परत ठेवले आणि गल्लीतल्या एका नोटेनंही खासबागेची वेस न ओलांडता सगळं पूर्ववत झालं. परशरामनं डबा उघडून बारा हजार परत भरले आणि तो पहिल्यांदा मोकळेपणी टपरीतून उठून गेला.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या वरच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. श्रीपादराव बोलायला उभे राहिले ते बसेनात. संकटाच्या घडीला आक्कांनी आयुष्यभराची पुंजी पणाला लावून गल्लीची चाकं फिरती ठेवली, असं त्यांनी सांगितलं आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

बेबीआक्का माईकपुढे आली. "आवो, मी काय बी केलं न्हाई. मी भ्यालतो. तुमच्यागतच काढाय आलतो. घरात ठेवायचं बी भ्या वाटलं, म्हणून मागात घातलं."

हॉल खदखदून हसला. काय साधी बाई आहे, म्हणून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. नागोजीही टाळ्या वाजवत होता. आपलं नाव कुणी कसं घेत नाही, याचा त्याला थोडा राग आला होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या रांगेत शालूबाई उभी राहिलेली दिसली. ती भांडायला उठली नव्हती. मशीनमधून चिठ्ठी निघाली नाही तर विचारावं, तसं तिनं विचारलं.

"आक्का, परशरामचं पैसं परत आलं. नागोजीशेटचं सूत खपलं. तुझं बी व्याज सुरू झालं. मंगळवारपासनं शुक्रवारपतूर माझं चार रोज बुडालं, हजार रुपय. ते कुठं जमा झालं?"

बेबीआक्कानं श्रीपादरावांकडे पाहिलं. श्रीपादरावांनी आण्णाप्पाकडे पाहिलं, आण्णाप्पानं पंख्याकडे. कुणीच चोरले नव्हते, कुणीच खाल्ले नव्हते. एवढे हिशेब येणाऱ्या त्या हॉलमध्ये ते हजार रुपये कुणाच्याच बाजूला बसेनात.

"कुठंच न्हाई गं, शालू," बेबीआक्का म्हणाली. "ते गेलंच."

माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बरं," म्हणून शालूबाई खाली बसली. श्रीपादरावांनी घाईघाईनं फोटोवाल्याला खूण केली आणि आक्कांना शाल पांघरून मध्ये उभं राहायला सांगितलं. बेबीआक्कानं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, हॉलच्या मधून चालत मागे गेली आणि शालूबाईच्या शेजारी बसली. पुढून तीन वेळा हाक आली, ती उठली नाही.

तो फोटो आता सोसायटीत काउंटरच्या वर लावलाय. त्यात श्रीपादराव आहेत, नागोजी आहे, खुर्चीवर शाल आणि नारळ आहे. खाली सोनेरी अक्षरात लिहिलंय, श्रीमती बेबीआक्का यांचा सत्कार. नव्या माणसानं विचारलं की यातल्या आक्का कोणत्या, तर श्रीपादराव मान खाली घालून नोटा मोजू लागतात.